इंजिनच्या बोअरला केसिंग: स्लीव्ह टाकायची की नाही?

दिवाळीत भाचा सेकंडहँड ऑक्टाव्हिया घेऊन घरी आला. १.८ टीएसआय, म्हणजे १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, आपल्या संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यातच जोडलेली. फराळाचं ताट बाजूला सारून त्यानं मोबाइल पुढं केला. गाडी चारशे हॉर्सपॉवरची करायची म्हणून एका गॅरेजकडून मागवलेलं कोटेशन होतं ते. मोठा टर्बो (इंजिनमध्ये जादा हवा कोंबणारा पंप), नवे पिस्टन, नवे रॉड, आणि तिसऱ्या ओळीत फक्त चार शब्द: ब्लॉक स्लीव्हिंग, चार सिलिंडर. रक्कम मात्र सगळ्यात मोठी त्याच ओळीसमोर.

"मामा, स्लीव्ह टाकल्याशिवाय ब्लॉक टिकत नाही म्हणं. खरंय का?"

माझं अर्धं आयुष्य वाळूजच्या मशीनशॉपमध्ये बोअर करण्यात आणि होन मारण्यात, म्हणजे सिलिंडरची भिंत घासून नितळ करण्यात, गेलं, तरी हो किंवा नाही असं एका शब्दात मला उत्तर देता आलं नाही. रील्सवर 'फुल्ली बिल्ट, स्लीव्ह्ड ब्लॉक' ऐकून हाच प्रश्न घेऊन येणारी पोरं आता वाढली आहेत. म्हणून सगळं एकदाच सविस्तर लिहितो.

स्लीव्ह म्हणजे बोअरचं केसिंग

इंजिनचा ब्लॉक म्हणजे ओतीव धातूचा ठोकळा. त्यात पिस्टन वरखाली जाण्यासाठी जी गोल भोकं असतात त्यांना आपण बोअर म्हणतो. शेतातल्या बोअरलाही बोअरच म्हणतो, आणि उपमा म्हणून तो फार कामाचा आहे. शेतात बोअर घेताना वरचा मुरूम ढासळतो, म्हणून तेवढ्या भागात केसिंग पाइप टाकतात. खाली काळा पाषाण लागला की केसिंग थांबतं, कारण खडक स्वतःच उभा राहतो. स्लीव्ह म्हणजे इंजिनच्या बोअरमधलं केसिंग: धातूची नळी, जिच्या आतल्या भिंतीवर पिस्टनच्या रिंगा घासतात. गॅरेजमध्ये कुणी तिला लायनर म्हणतं, कुणी स्लीव्ह. वस्तू एकच.

एक फरक मात्र आहे. शेतातलं केसिंग बाहेरच्या मातीला आत येऊ देत नाही. इंजिनमधल्या नळीला आतला स्फोट बाहेर जाऊ द्यायचा नसतो.

स्फोटाचा जोर किती?

साधं, टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन पूर्ण ताकदीवर असताना सिलिंडरमधला दाब साधारण ५० ते ७० बारपर्यंत चढतो. एक बार म्हणजे चौरस सेंटिमीटरला जवळपास एक किलो. टर्बो लावून ताकद वाढवली की हाच दाब १०० बार आणि त्यापुढे जातो. भाच्याच्या इंजिनचा बोअर ८२.५ मिलिमीटर व्यासाचा आहे. १०० बार दाबाला पिस्टनच्या डोक्यावर साधारण साडेपाच टन भार येतो, म्हणजे पंचावन्न क्विंटल सोयाबीन एका वाटीएवढ्या चकतीवर. इंजिन सहा हजार आरपीएमवर असेल तर प्रत्येक सिलिंडरमध्ये हे सेकंदाला पन्नास वेळा घडतं.

हा दाब फक्त खाली जात नाही, भिंतीलाही बाहेर ढकलतो. भिंत जितकी पातळ तितका धातूवर ताण जास्त. हिशेब सोपा आहे: दाब गुणिले बोअरची त्रिज्या, भागिले भिंतीची जाडी. १०० बार दाब आणि ३ मिलिमीटर भिंत धरली तर धातूच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरवर सुमारे १४ किलोचा ताण येतो. भिंत २ मिलिमीटर असेल तर सुमारे २१ किलोचा. साधं बिडाचं ओतीव लोखंड २० ते २५ किलोच्या आसपास तुटतं. म्हणजे बाहेरून कुठलाच आधार नसेल तर २ मिलिमीटरची बिडाची भिंत कड्याच्या टोकावर उभी आहे. एक मिलिमीटर जाडीनं केवढा फरक पडतो, ते यावरून कळेल.

बीड असं का तुटतं? त्यात ग्राफाइटचे पापुद्रे पसरलेले असतात, आणि प्रत्येक पापुद्रा म्हणजे आधीच पडलेली बारीक चीर. काठाला चीर गेलेली भाकरी तव्यावरून उचलताना तिथूनच फाटते, तसंच. वितळलेल्या बिडात थोडं मॅग्नेशियम टाकलं की ग्राफाइटचे पापुद्रे न होता गोळे होतात. त्याला डक्टाइल लोखंड म्हणतात. ते चौरस मिलिमीटरला ४५ ते ७० किलो ताण पेलतं आणि तुटण्याआधी थोडं ताणलं जातं. जास्त ताकदीच्या इंजिनसाठी मिळणाऱ्या स्लीव्ह याच लोखंडाच्या असतात. स्लीव्हचा खरा फायदा आहे तो इथं.

ब्लॉक हॉर्सपॉवरनं फुटत नाही

ही गोष्ट पोरांच्या गळी उतरवणं मला सगळ्यात अवघड जातं. हॉर्सपॉवर म्हणजे टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, गुणिले वेग. सिलिंडरच्या भिंतीला वेगाचं काही देणंघेणं नसतं, एका ठोक्याचा दाब किती एवढंच तिला कळतं. ४०० हॉर्सपॉवर ६,५०० आरपीएमवर काढायचे तर साधारण ४४० न्यूटन मीटर टॉर्क लागतो. तेवढेच ४,५०० वर काढायचे तर ६३० च्या पुढं जावं लागतं. कागदावर दोन्ही गाड्या चारशेच्या, पण दुसऱ्या गाडीच्या भिंतीवर दीडपट मार. म्हणून ट्यूनरला, म्हणजे इंजिनची ताकद वाढवून देणाऱ्याला, 'किती हॉर्सपॉवर' असं विचारण्यापेक्षा 'किती आरपीएमला किती टॉर्क' असं विचारा.

त्याहून वाईट म्हणजे नॉकिंग. ठिणगीनं पेटलेली ज्वाळा पोहोचायच्या आधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप पेट घेतं, आणि दाबाची लाट भिंतीवर हातोड्यासारखी आदळते. मी पाहिलेल्या फुटलेल्या सिलिंडरमागं निव्वळ ताकद क्वचितच होती. बहुतेक वेळा कारण हेच: चुकीचं ट्यूनिंग, गरम हवा, हलक्या प्रतीचं पेट्रोल. आपल्याकडच्या उसापासून होणाऱ्या इथेनॉलचा ऑक्टेन, म्हणजे नॉकिंग रोखण्याच्या ताकदीचा आकडा, सुमारे १०८ आहे, त्यामुळं ते नॉकिंगला चांगला लगाम घालतं. मात्र तेवढ्याच ताकदीसाठी ते जास्त जाळावं लागतं, म्हणून इंजेक्टर आणि पंपही मोठे लागतात. नॉक करणाऱ्या इंजिनला डक्टाइल स्लीव्ह टाकली तर भिंत वाचेल, पण पिस्टनचा काठ उडेल. मार कुठंतरी बसणारच.

तुमची जमीन कुठली? पाषाण की मुरूम?

आता मुद्द्यावर. स्लीव्ह टाकायची की नाही हे ठरवताना पहिला प्रश्न: ब्लॉक कशाचा आहे?

काही ब्लॉक अख्खे बिडाचे असतात, आणि बोअर थेट त्या बिडातच केलेला असतो. हा काळा पाषाण. टोयोटाचं २जेझेड याच जातीचं, आणि भाच्याच्या ऑक्टाव्हियातलं ईए८८८ सुद्धा. भिंत पुरेशी जाड, वरचा भाग बंद. अशा ब्लॉकला निव्वळ ताकद वाढवायची म्हणून साधी, पातळ कोरडी स्लीव्ह टाकणं म्हणजे पाषाणात केसिंग टाकणं. उलट स्लीव्हला जागा करायला मूळची चांगली भिंत कापावी लागते. भिंतीला तडा गेला असेल, खोल ओरखडा असेल, किंवा मोठा बोअर करायलाही धातू उरला नसेल, तर त्या एका सिलिंडरपुरती स्लीव्ह हा चांगला इलाज आहे. पण तो इलाज आहे, ताकदीचं टॉनिक नाही.

दुसरी जात ॲल्युमिनियमच्या ब्लॉकची. वजनाला हलका, म्हणून आजच्या बहुतेक गाड्यांत हाच असतो. रिंगांच्या घासण्यापुढं ॲल्युमिनियमची भिंत टिकत नाही, म्हणून कंपनीच आत बिडाची पातळ नळी घालून ओतते. पोलोच्या १.० टीएसआयचा ब्लॉक असाच आहे. शिवाय तो ओपन डेक आहे: सिलिंडरभोवतीची पाण्याची जागा वरून उघडी. पाण्याच्या हौदात पाइप उभा करून बुडाला सिमेंट भरलं आणि वरचं टोक मोकळं ठेवलं, अगदी तसं. दाबाचा सगळ्यात मोठा धक्का बरोबर वरच्याच भागात बसतो, आणि तिथं पाइपला आधार नसतो. तो हलतो, हेड गॅस्केट (ब्लॉक आणि त्यावरचं झाकण, म्हणजे हेड, यांच्यामधली पट्टी) गळतं, शेवटी नळीला उभा तडा जातो. हौदावर स्लॅब टाकावा तसं वरून बंद असेल तर तो क्लोज्ड डेक. मुरमाची जमीन असली की केसिंगचा विचार करायचाच.

तिसरी जात ॲल्युमिनियमवर थेट कडक लेप दिलेल्या सिलिंडरची. केटीएम ३९० च्या सिलिंडरला निकासिल, म्हणजे निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा लेप, असतो. तो साध्या बोअरिंग मशीनवर वाढवता येत नाही. पुन्हा लेप द्यायचा, नाहीतर सिलिंडर बदलायचा.

दुसरा प्रश्न: भिंत खरंच किती जाड उरली आहे? बाहेरून पाहून ते सांगता येत नाही. ओतकाम करताना आतला वाळूचा गाभा थोडा सरकतो आणि भिंत एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ होते. पुरण एका कडेला सरकलेली पोळी खाल्ली असेल, तर हे समजायला वेळ लागणार नाही. जाडी मोजायला अल्ट्रासोनिक गेज असतं. हातात मावणारं यंत्र, भिंतीला टेकवलं की जाडी दाखवतं. प्रत्येक सिलिंडर चारी बाजूंनी, वर, मध्ये आणि खाली मोजायचा. चार सिलिंडरला अर्धा तास लागतो. हा अर्धा तास न घालवता जो स्लीव्हचं कोटेशन देतो, तो तुमच्या ब्लॉकबद्दल बोलतच नाहीये.

तिसरा प्रश्न: भिंतीच्या आधी दुसरं काही तुटणार आहे का? बहुतेक इंजिनांत कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणारे दांडे, आधी वाकतात, मग पिस्टन जातात, हेडचे बोल्ट ताणले जातात. ब्लॉकची पाळी बरीच नंतर येते. रॉड कंपनीचेच ठेवून स्लीव्ह टाकणं म्हणजे पत्र्याच्या दाराला सात लिव्हरचं कुलूप.

धाव बसवण्याचं शास्त्र

बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव बसवताना ज्यांनी पाहिलंय, त्यांना स्लीव्ह बसवण्याचं तंत्र लगेच कळेल. लोहार धाव चाकापेक्षा किंचित लहान करतो, गोवऱ्यांच्या जाळात लाल करतो, ती फुगली की चाकावर चढवतो आणि पाणी ओततो. आवळून बसते. इथं फक्त उलटं आहे. बाहेरचा ब्लॉक तापवायचा आणि आतली स्लीव्ह गारठवायची.

ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. ९० मिलिमीटरचं भोक १२० अंशांनी तापवलं की पाव मिलिमीटरनं मोठं होतं, आणि स्लीव्ह सरकन आत उतरते. थंड झाल्यावर पकड राहावी म्हणून स्लीव्ह भोकापेक्षा ०.०५ ते ०.०८ मिलिमीटर मोठी ठेवतात. साधारण माणसाच्या केसाएवढी.

पण जे गणित बसवायला मदत करतं तेच पुढं उलटतं. इंजिन चालू झालं, ब्लॉक ७० अंशांनी तापला, की ॲल्युमिनियमचं भोक स्लीव्हपेक्षा सुमारे ०.०७५ मिलिमीटर जास्त फुगतं. म्हणजे थंड असताना असलेली पकड गरम झाल्यावर जवळपास संपते. स्लीव्ह स्वतः जास्त तापते म्हणून थोडी भरपाई होते, पण थोडीच. म्हणून स्लीव्हला वर कॉलर आणि खाली टेकायला खांदा लागतो. तो खांदा नीट कापला नसेल तर स्लीव्ह केसभर खाली बसते, हेड गॅस्केटवरचा दाब सुटतो आणि रेडिएटरमधून बुडबुडे येऊ लागतात. गिऱ्हाईक म्हणतं स्लीव्ह खराब निघाली. स्लीव्ह बरोबरच असते, कापकाम खराब असतं.

कोटेशनमध्ये 'स्लीव्ह' या एकाच शब्दाखाली दोन वेगळी कामं लपतात, तेही तपासा. एक, जुन्या भिंतीच्या आत पातळ कोरडी नळी घालणं. ही दुरुस्ती. दोन, जुन्या नळ्या पुऱ्या कापून काढायच्या आणि जाड डक्टाइल स्लीव्ह अशा बसवायच्या की त्यांच्या वरच्या कॉलरी एकमेकींना टेकून ओपन डेकवर नवा स्लॅबच तयार होतो. अमेरिकेतल्या डार्टन कंपनीची एमआयडी पद्धत याच प्रकारची. यात पाणी थेट स्लीव्हला लागतं. ॲल्युमिनियमचा ब्लॉक खऱ्या अर्थानं मजबूत होतो तो या दुसऱ्या कामानं. त्याला चांगलं सीएनसी मशीन आणि हे काम आधी केलेला माणूस, दोन्ही लागतात.

बसवून झाल्यावर वरचा पृष्ठभाग एका पातळीत घ्यायचा, बोअर करायचा आणि टॉर्क प्लेट लावून होन मारायचा. टॉर्क प्लेट म्हणजे हेडच्या जागी कसलेली जाड लोखंडी प्लेट. हेडचे बोल्ट आवळले की बोअर किंचित वाकडा होतो, म्हणून तो वाकडा असतानाच गोल करायचा. उपाशीपोटी पँटचं माप दिलं की लग्नाच्या पंगतीनंतर काय होतं, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

"ट्रॅक्टरचे लायनर तर गावात बदलतात, इथं एवढं काय?"

बरोबर आहे, बदलतात. बऱ्याच डिझेल इंजिनांत ओले लायनर असतात: पाण्यात उभी जाड नळी, खाली रबरी ओ-रिंगा. कंपनीनं ती बदलण्यासाठीच केलेली असते. जुना लायनर ओढून काढा, खाचा साफ करा, नवा दाबा. ब्लॉक कापायचाच नसतो. आणि अवघड आहे ते ब्लॉक कापणंच.

लायनरची खरी दुश्मनी आपल्याकडं पाण्याशी आहे. रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी बोअरचं जड पाणी ओतलं की बाहेरच्या बाजूला क्षार बसतो आणि उष्णता बाहेर पडत नाही. शिवाय डिझेलच्या ठोक्यांनी लायनर थरथरतो, त्याच्या बाहेर बारीक बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि लोखंडाला मुंगीनं कुरतडल्यासारखी छिद्रं पडतात. एक दिवस पाणी ऑइलमध्ये येतं. चांगल्या कूलंटमधली रसायनं हे रोखतात.

ऊसतोडीच्या हंगामात दोन ट्रॉल्या ओढायला डिझेल पंप वाढवून घेणारेही विचारतात, 'जाड लायनर टाकू का?' नका टाकू. जादा डिझेल पूर्ण जळत नाही, काळा धूर निघतो, पिस्टन वितळतो, हेडला चीर जाते. लायनर जाड असला तरी त्यातलं काहीच वाचत नाही.

"स्लीव्ह टाकली की बूस्ट हवा तेवढा?"

नाही. बूस्ट म्हणजे टर्बोनं आत कोंबलेल्या हवेचा दाब. भिंत मजबूत झाली म्हणून क्रँक, बेअरिंग, गिअरबॉक्स मजबूत होत नाहीत. शिवाय डक्टाइल लोखंड ॲल्युमिनियमच्या चौथाई-पाचव्या हिश्श्याएवढीच उष्णता वाहून नेतं. स्लीव्ह आणि ब्लॉकमध्ये हवेची फट राहिली तर तो भाग आणखी तापतो, आणि तापलेली भिंत नॉकिंगला आमंत्रण देते. खराब बसवलेल्या स्लीव्हचा ब्लॉक मूळ ब्लॉकपेक्षा कमजोर असतो, हे मी छातीठोक सांगतो.

"मग दुसरा ब्लॉकच का घेऊ नये?"

घ्याच, मिळत असेल तर. त्याच इंजिनचा चांगला वापरलेला ब्लॉक बऱ्याचदा चार स्लीव्ह आणि त्यांच्या मशीनिंगपेक्षा स्वस्त पडतो. पण ब्लॉक बदलला की इंजिन नंबर बदलतो, आणि आरटीओची परवानगी लागते.

कायद्याचंही सांगून टाकतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हेच ठासून सांगितलं. मूळ मापाची स्लीव्ह टाकली तर ती दुरुस्ती. बोअर वाढवला की सीसी बदलतात. भाच्याचा बोअर ८३ केला तर १७९८ चे सुमारे १८२० होतात. आणि चारशे हॉर्सपॉवर विमा कंपनीपासून लपवलेत, तर अपघातानंतर ते उघड होतील.

भाच्याच्या ब्लॉकचं काय झालं

इंजिन उतरवून ब्लॉक माझ्या दुकानात आला. बीड, वरून बंद, भिंत सगळीकडं जाड. तिसऱ्या सिलिंडरमध्ये नखाला लागेल असा एक ओरखडा होता, बाकी होनच्या मूळ तिरप्या रेघाही अजून दिसत होत्या. मी गेज त्याच्याच हातात दिलं आणि प्रत्येक सिलिंडरचे बारा ठिकाणचे आकडे त्याच्याकडून वहीत लिहून घेतले. कोटेशनची तिसरी ओळ त्यानं स्वतःच खोडली.

त्याचा मित्र मात्र पोलो घेऊन आला होता. १.० टीएसआय, बूस्ट वाढवलेला, गॅस्केट दोनदा उडालेलं. हेड काढून पाहिलं तर दुसऱ्या सिलिंडरच्या वरच्या काठाला, बोल्टच्या बाजूनं, केसाएवढी उभी चीर.

"काका, याला तर टाकावीच लागंल ना?"

याला टाकावी लागेल. फक्त कोण टाकणार ते अजून ठरलेलं नाही. माझ्या मशीनवर मी ते काम घेणार नाही. खांदा कापण्याएवढं ते आता अचूक राहिलेलं नाही. ब्लॉक तेल चोळून, गोणपाटात गुंडाळून कोपऱ्यात ठेवलाय.